उपकरणं आधी ठरवा, कपाटं नंतर

स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं की पहिली चर्चा रंगते ती कपाटांच्या रंगाची आणि ओट्याच्या दगडाची. फ्रिज, हॉब (म्हणजे ओट्यात बसवायची शेगडी), चिमणी, ओव्हन, डिशवॉशर हे सगळं 'नंतर बघू'मध्ये जातं. काम बिघडायला सुरुवात इथेच होते. सुतार कपाट हव्या त्या मापाचं करून देतो, पण यंत्र कारखान्यातून ठरलेल्या मापाचंच येतं. ज्याचं माप बदलता येत नाही ते आधी ठरवायचं आणि ज्याचं बदलता येतं ते त्याच्याभोवती बसवायचं. दुकानात सगळे यंत्राचा दर्शनी भाग बघतात. ते वर्षानुवर्षं नीट चालणार की नाही, हे मात्र त्याच्या मागच्या बाजूला ठरतं: हवा कुठून येणार, वायर कुठून, पाणी कुठून, आणि ते बाहेर कसं काढणार.

मॉडेल क्रमांकापर्यंत पोचा

'६० सेंटिमीटरचा हॉब' एवढ्या माहितीवर दगड कापता येत नाही. ६० हे बाजारातलं नाव. काच साधारण ५९० मिलिमीटरची असते आणि दगडातला कटआऊट, म्हणजे हॉब बसायला कापायचं भोक, बहुधा ५६० बाय ४९० मिलिमीटरचा. बहुधा एवढंच म्हणता येतं, कारण एकाच कंपनीच्या दोन हॉबचे कटआऊट वेगळे निघतात. म्हणून मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच क्रमांकाचं बसवणीचं रेखाचित्र उतरवून घ्या. विक्रेत्यानं तोंडी सांगितलेलं माप सुताराला देऊ नका.

या रेखाचित्रात तीन वेगवेगळी मापं असतात आणि त्यांचीच गल्लत होते. एक, यंत्राचं स्वतःचं माप. दोन, ते ज्यात बसणार त्या खणाचं आतलं माप. तीन, मागे, वर आणि बाजूला मोकळी सोडायची जागा. शिवाय वायर किंवा पाइप यंत्रातून नेमका कुठून बाहेर पडतो, तेही दाखवलेलं असतं. प्रत्येक उपकरणासाठी एक कागद करा. त्यावर ही तीन मापं, वॅट, पिन आहे की थेट जोडणी, पाणी लागतं का, सांडपाणी निघतं का आणि दार कुठल्या बाजूला किती उघडतं, एवढं लिहा. सुतार, इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर या तिघांनाही त्याचीच प्रत द्या. तिघांकडे तीन वेगळे आकडे असले की शेवटी दगड फोडावा लागतो.

माप घ्यायचं ते तयार फरशीपासून

सगळ्यात जास्त घोटाळा करणारा आकडा म्हणजे ओट्याखालची उंची. ओट्याखाली बसणाऱ्या ६० सेंटिमीटरच्या डिशवॉशरला बहुधा किमान ८२० मिलिमीटर उंचीची जागा लागते, आणि पाय फिरवून तो ८७० पर्यंत वर येतो. आता हे उदाहरण बघा. जुन्या फरशीपासून ओट्याचा वरचा पृष्ठभाग ८६० वर ठरवला. दगड २० चा आणि त्याखाली प्लाय १८ चा. खाली उरले ८२२. कागदावर बसलं. मग जुन्या फरशीवरच नवी फरशी घ्यायचं ठरलं: टाइल १० ची, खालचं चिकट मिश्रण ५ चं. उरले ८०७. यंत्र दारात येऊन उभं आहे आणि १३ मिलिमीटर कमी पडतायत. पाय पूर्ण आत फिरवूनही ते खाली जात नाही, कारण ८२० हीच त्याची सगळ्यात खालची उंची होती.

याच्या उलट चूकही होते. यंत्र आधी बसवलं आणि टाइल त्याच्या पायांपर्यंत आणून थांबवली. मागच्या बाजूला फरशी खाली, पुढे १५ मिलिमीटर वर. यंत्र आत अडकतं, आणि पंप बदलायला बाहेर काढायचं तर टाइल तरी फोडा नाहीतर ओटा उचला. म्हणून फरशी यंत्राखालून थेट भिंतीपर्यंत न्यायची, मग ती कुणाला दिसो वा न दिसो. आणि प्रत्येक उंची तयार फरशीपासून मोजायची. फरशी अजून व्हायची असेल तर लेव्हल घेऊन भिंतीवर 'तयार फरशीपासून एक मीटर' अशी रेघ चारही बाजूंनी मारून घ्या. पुढची सगळी मापं त्या रेघेवरून घ्या.

सुटा डिशवॉशर ८४५ ते ८५० मिलिमीटर उंच असतो. बऱ्याच मॉडेलांचं वरचं झाकण काढलं की तो ओट्याखाली जातो, पण सगळ्यांचं झाकण काढायची सोय नसते. घेण्याआधी माहितीपुस्तिकेत खात्री करून घ्या.

विजेचा हिशोब

कागदावर वॅट लिहिले आहेत, त्यांची बेरीज करा. चार भागांचा इंडक्शन हॉब ७.२ किलोवॅट, ओव्हन ३.२, डिशवॉशर २.२, मायक्रोवेव्ह १.४, पाण्याची किटली २, फ्रिज ०.२. एकूण १६.२ किलोवॅट. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर हे सुमारे ७० अँपिअर होतात. सगळं एकाच वेळी पूर्ण ताकदीनं चालत नाही हे खरं, पण घराचा मंजूर भार किती आहे आणि मुख्य वायर किती जाडीची आहे, हे यंत्राची ऑर्डर देण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायला हवं. भार वाढवून घ्यायचा तर अर्ज, तपासणी आणि कधी मीटर बदलणं असं सगळं येतं. त्याला वेळ लागतो.

७.२ किलोवॅटचा हॉब २३० व्होल्टवर ३१ अँपिअर घेतो. त्याला बोर्डापासून स्वतंत्र सर्किट आणि स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) हवा. ३२ अँपिअरच्या सर्किटला तांब्याची ६ चौरस मिलिमीटर वायर सर्रास वापरतात, पण अंतर जास्त असेल किंवा एकाच पाइपातून अनेक वायरी जात असतील तर इलेक्ट्रिशियन जाडी वाढवतो. ती त्याला ठरवू द्या. भार वाढवणं शक्यच नसेल, तर ज्या इंडक्शन हॉबची एकूण ताकद सेटिंगमधून मर्यादित ठेवता येते असा घ्या. ही सोय अनेक मॉडेलांत असते, मात्र मर्यादा घातली की चारही भाग एकदम जोरात चालणार नाहीत.

ओव्हन १४ अँपिअरच्या आसपास घेतो, त्यामुळे त्यालाही स्वतःचं १६ अँपिअरचं सॉकेट हवं. एक्स्टेन्शन बोर्ड नको. एवढा प्रवाह तासभर वाहिला की सैल संपर्कावर उष्णता साठते, प्लास्टिक पिवळं पडतं आणि मग वितळतं. ओल्या जागेतल्या सगळ्या सर्किटांना ३० मिलिअँपिअरचं वीजगळती-संरक्षण हवं, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारं उपकरण. फ्रिज मात्र शक्यतो वेगळ्या संरक्षणावर ठेवा. नाहीतर डिशवॉशरमधल्या ओलीनं वीज तुटते आणि तुम्ही बाहेरगावाहून परत येता तेव्हा फ्रिजमधलं सगळं खराब झालेलं असतं.

सॉकेट यंत्राच्या मागे नको, शेजारच्या कपाटात हवं. मागे असेल तर पिन आणि वायरचं वळण मिळून चार-पाच सेंटिमीटर खातात, ओव्हन तेवढाच बाहेर राहतो आणि दुरुस्तीच्या वेळी पिन काढायला आख्खं यंत्र ओढावं लागतं. शेजारच्या कपाटाच्या फळीला ५ ते ६ सेंटिमीटरचं भोक पाडा आणि त्याची कापलेली कड रंगानं किंवा सीलंटनं बंद करा. उघडी राहिलेली प्लायची कड ओल शोषते आणि फुगते.

शेगडी: गॅस की इंडक्शन

दोन्हींचे किलोवॅट शेजारी ठेवून तुलना करू नका. गॅसच्या उष्णतेपैकी साधारण ४० टक्केच भांड्यात जाते, बाकीची बाजूनं निसटते. इंडक्शनमध्ये सुमारे ८५ टक्के जाते. म्हणजे ४ किलोवॅटचा मोठा बर्नर भांड्याला १.६ किलोवॅट देतो आणि २ किलोवॅटचा इंडक्शन भाग १.७. निसटलेली उष्णता स्वयंपाकघरातच साठते, आणि लहान खोलीत तासभर उभं राहणाऱ्याला ती चांगलीच जाणवते.

इंडक्शन घ्यायच्या आधी घरातली सगळी भांडी ओट्यावर मांडा आणि प्रत्येकाच्या बुडाला चुंबक लावा. घट्ट चिकटला तर भांडं चालेल. अॅल्युमिनियम, तांबं, काच आणि काही प्रकारचं स्टील चालत नाही, आणि गोल बुडाचं भांडं सपाट हॉबवर उपयोगाचं नाही. मग बुडाचा व्यास मोजा. तुमच्या रोजच्या मोठ्या भांड्याचं बूड २८ सेंटिमीटरचं आणि हॉबचा सगळ्यात मोठा भाग २१ चा असेल, तर कडेला नीट शिजणार नाही आणि मध्ये करपेल. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. चार भागांच्या बहुतेक हॉबमध्ये एका बाजूचे पुढचा आणि मागचा भाग मिळून एकाच विद्युत संचावर चालतात. एकाला 'बूस्ट' (थोड्या वेळासाठी जादा ताकद) दिलं की त्याच बाजूच्या दुसऱ्याची ताकद आपोआप कमी होते. दोन मोठी भांडी एकदम तापवायची असतील तर एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवायचं.

गॅसचा हॉब घेताना बर्नरच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा. ३० सेंटिमीटरची दोन भांडी शेजारी बसायला हे अंतर ३० पेक्षा जास्तच हवं, नाहीतर चार बर्नर असूनही एका वेळी दोनच वापरता येतात. मोठ्या भांड्याचं झाकण सोबत न्या आणि दुकानातल्या हॉबवर ठेवून बघा. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय प्रत्येक बर्नरला असलीच पाहिजे, इथे तडजोड नको. सिलिंडरच्या गॅसचं आणि पाइपमधून येणाऱ्या नैसर्गिक गॅसचं जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक छिद्राची तोटी, वेगळं असतं. सिलिंडरच्या गॅसमध्ये उष्णता जास्त असल्यामुळे त्याच्या जेटचं छिद्र बारीक असतं. नैसर्गिक गॅसचं जेट सिलिंडरवर तसंच राहिलं तर ज्योत मोठी, पिवळी होते आणि भांड्याला काजळी धरते. जेट बदलायचं काम अधिकृत माणसाकडूनच करून घ्या. गॅसची नळी ओव्हनच्या मागून नेऊ नका.

दगड कापायचा तो हॉब घरात आल्यावर, खोक्यातून बाहेर काढून, त्याच्यावरून माप पडताळून. कटआऊटचे आतले कोपरे काटकोनात कापले तर ग्रॅनाइट असो वा कृत्रिम दगड, तडा त्या कोपऱ्यातूनच सुरू होतो. तापणं आणि थंड होणं यांचा ताण तिथे एकवटतो. कोपऱ्याला गोलाई ठेवायला सांगा, किती ते रेखाचित्रात असतं. पुढच्या बाजूला दगडाची पट्टी किमान ५० मिलिमीटर रुंद राहू द्या. हॉबबरोबर येणारी फोमची पट्टीच लावा, सिलिकॉननं चिकटवू नका. पुढे हॉब काढायची वेळ आली तर काच फुटते.

इंडक्शन हॉबच्या खालच्या बाजूला पंखा असतो, तो खालून हवा घेतो. हॉब आणि ड्रॉवर यांच्यात रेखाचित्रात दिलेलं अंतर सोडा आणि त्या ड्रॉवरमध्ये कागद, पातळ पिशव्या असलं काही ठेवू नका. पंख्याला ते चिकटलं की हॉब तापतो आणि भर स्वयंपाकात बंद पडतो.

चिमणी: मोटरपेक्षा पाइप महत्त्वाचा

चिमणीच्या खोक्यावर घनमीटर प्रतितास असा मोठा आकडा असतो. तुमच्या खोलीला किती लागतं ते आधी काढा. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, आणि तासाला १० ते १५ वेळा हवा बदलायची. ३.५ बाय ३ मीटरची खोली आणि २.८ मीटर उंची म्हणजे २९.४ घनमीटर. १२ पटीनं सुमारे ३५०. पाइप आणि वळणांत निदान ३० टक्के जातात असं धरलं तर ५०० लागतात. आणि हे ५०० चिमणीच्या मधल्या वेगावर मिळायला हवेत. सगळ्यात वरच्या वेगावर आवाज इतका असतो की तो कुणी रोज वापरत नाही. तळण आणि जोराच्या आचेवरचं परतणं जास्त असेल तर वरच्या बाजूचा आकडा धरा. स्वयंपाकघर बैठकीला उघडं असेल तर दोन्ही जागांचं मिळून आकारमान मोजायला हवं.

आता पाइप. चिमणीचं तोंड १५० मिलिमीटरचं असताना भिंतीत आधीच १०० मिलिमीटरचं भोक आहे म्हणून तिथे पाइप बारीक करतात. नुकसान किती होतं बघा. १०० च्या पाइपाचं छेदक्षेत्र १५० च्या पाइपाच्या ४४ टक्केच भरतं. १२० चं ६४ टक्के. हवा तेवढ्याच वाटेनं जोरात घुसते, शिट्टीसारखा आवाज येतो, मोटर तापते आणि धूर ओट्यावरच रेंगाळतो. मग दोष चिमणीला दिला जातो. भिंतीतलं भोक मोठं करायला कोअर-कटिंगवाल्याला तासाभराचं काम आहे. ते फरशी-रंगाच्या आधीच करून घ्या. पाइप आतून गुळगुळीत हवा. नागमोडी लवचीक पाइपात प्रत्येक वळीवर तेल साठतं आणि हवा अडखळते. वळणं शक्यतो दोनच्या आत ठेवा, आडवा पाइप बाहेरच्या दिशेला किंचित उतरता घ्या आणि बाहेरच्या तोंडाला उलटी हवा अडवणारं झाकण बसवा. त्या तोंडाला बारीक जाळी नको. तेलानं ती काही महिन्यांत बुजते.

बाहेर काढलेली हवा कुठून तरी आत यायला हवी. सगळ्या खिडक्या बंद असतील तर चिमणीला ओढायला हवाच राहत नाही. घरात धुरांड्याचा गॅस गीझर किंवा बॉयलर असेल तर त्याचा धूर उलटा खोलीत येऊ शकतो. हा जिवाचा धोका आहे. खिडकी किंचित उघडी राहील किंवा भिंतीत हवेची जाळी असेल अशी सोय आराखड्यातच करा.

चिमणी निदान हॉबएवढी रुंद हवी. जागा असेल तर ६० च्या हॉबवर ७५ किंवा ९० ची घ्या, कारण धूर वर जाताना पसरतो. गॅसवर उंची साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर, इंडक्शनवर थोडी कमी चालते. नेमका आकडा हॉब आणि चिमणी दोन्हींच्या पुस्तिकेत असतो. दोन्हींत फरक असला तर जास्तीचा धरा. बाहेर पाइप नेता येतच नसेल तर कोळशाच्या फिल्टरची, हवा परत खोलीत सोडणारी चिमणी मिळते. ती वास काहीसा कमी करते, पण वाफ आणि उष्णता खोलीतच राहतात आणि कोळसा वापरानुसार काही महिन्यांनी बदलावा लागतो. दुसरा मार्ग असेल तर आम्ही ती सुचवणार नाही.

फ्रिजला श्वास घेऊ द्या

फ्रिजचं काम आतली उष्णता बाहेर टाकणं. बाहेर टाकायला जागा नसेल तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. सुट्या फ्रिजला मागे, बाजूला आणि वर किती जागा हवी ते मॉडेलप्रमाणे बदलतं. चहूबाजूंनी पाच सेंटिमीटर धरून आराखडा सुरू करा आणि पुस्तिका बघून पक्का करा. कपाटात बसणाऱ्या फ्रिजला मागून वर जाणारी हवेची वाट बहुधा २०० चौरस सेंटिमीटरची लागते. ५६० मिलिमीटर रुंदीच्या कपाटात ती ३६ मिलिमीटरची फट होते. खालून हवा आत, मागून वर, आणि कपाटाच्या माथ्यावरून बाहेर. शोभेची जाळी लावली तर तिच्या पट्ट्यांनी झाकलेला भाग वजा करून २०० उरले पाहिजेत. सुतार माथा नीटनेटका बंद करून टाकतो, तेवढ्यासाठी हे कागदावर लाल शाईनं लिहा.

फ्रिजच्या आतल्या पट्टीवर हवामान वर्ग छापलेला असतो. एसएन म्हणजे खोलीचं तापमान १० ते ३२ अंश सेल्सिअस, एन १६ ते ३२, एसटी १६ ते ३८, टी १६ ते ४३. जिथे खोली ३८ च्या वर जाते तिथे टी वर्गाशिवाय घेऊ नका.

सुटा फ्रिज ७० सेंटिमीटर किंवा जास्त खोल असतो आणि ओटा ६०. म्हणजे मागची हवेची जागा धरून तो पंधरा सेंटिमीटर पुढे येणार. हे चालत असेल तर ठीक, नाहीतर कमी खोलीचं मॉडेल शोधा. दार भिंतीला लागून उघडत असेल तर ९० अंशांत दार उघडतं पण आतला ड्रॉवर बाहेर येत नाही. भिंत आणि फ्रिज यांच्यात एक अरुंद उभं कपाट किंवा पट्टी घाला. फ्रिज आणि ओव्हन शेजारी ठेवायचेच असतील तर मध्ये एखादं अरुंद कपाट घ्या. आणि शेवटी वाट मोजा: मुख्य दार, लिफ्ट, जिन्याचं वळण, स्वयंपाकघराचं दार. दाराच्या चौकटीचं माप नको, फळी उघडल्यावर उरणारी मोकळी जागा मोजायची.

ओव्हन आणि मायक्रोवेव्ह

बसवायच्या ओव्हनचा खण ५६० ते ५६८ मिलिमीटर रुंद, ५९० ते ६०० उंच आणि निदान ५५० खोल असतो. खणाची पाठ उघडी ठेवा, प्लाय लावू नका. उंचीबद्दल आमचं ठाम मत आहे: जागा असेल तर ओव्हन उभ्या कपाटात घ्या आणि मधला ट्रे कोपराच्या जरा खाली येईल असा बसवा. जड तापलेला ट्रे वाकून उचलणं आणि खांद्याच्या वरून उतरवणं दोन्ही धोक्याचं. शेजारी किंवा समोर ४० सेंटिमीटर मोकळा ओटा हवा, तापलेला ट्रे ठेवायला. ५०० अंशांपर्यंत तापून आतली घाण जाळणारी स्वच्छता हवी असेल तर शेजारच्या कपाटांचं लॅमिनेट आणि कडेचा गोंद उष्णता सोसणारा आहे ना ते विचारा.

ओट्यावर ठेवायचा साधा मायक्रोवेव्ह बंद कपाटात ढकलू नका. तो बाजूनं किंवा मागून गरम हवा सोडतो. कपाटातच ठेवायचा असेल तर बसवायचाच घ्या, साधारण ३८ सेंटिमीटर उंचीच्या खणाचा.

डिशवॉशरचं पाणी

जागा सिंकच्या शेजारी. नळ्या साधारण दीड मीटरच्या असतात आणि त्या वाढवल्या की जोड वाढतात, जोड वाढले की गळती. पाण्याचा दाब तपासा. बऱ्याच यंत्रांना किमान ०.५ बार लागतो आणि १ बार म्हणजे साधारण १० मीटर पाण्याची उंची. छतावरची टाकी नळापेक्षा फक्त ३ मीटर वर असेल तर ०.३ बारच मिळतो आणि यंत्र पाणी भरता भरता चूक दाखवून थांबतं. त्यावर उपाय एक तर प्रेशर पंप, नाहीतर कमी दाबावर चालणारं मॉडेल. पाणी जड असेल तर मीठ घालायचा कप्पा असलेलंच यंत्र घ्या आणि जडपणाचा आकडा त्यात पहिल्याच दिवशी भरा. नाहीतर काचेवर येणारे पांढरे डाग नंतर जात नाहीत.

सांडपाण्याची नळी सरळ खाली सोडू नका. आधी ओट्याच्या खालच्या पातळीपर्यंत वर नेऊन अडकवा, मग खाली आणा. वरचा हा वळसा नसेल तर सिंकचं घाण पाणी धुतलेल्या भांड्यांवर उलटं येऊ शकतं. दार उघडताना येणारी वाफ ओट्याच्या खालच्या प्लायला लागते. बहुतेक यंत्रांबरोबर त्यासाठी एक चिकटपट्टी येते, तिला पॅकिंगचा भाग समजून फेकू नका.

दारं उघडून बघा

जमिनीवर चिकटपट्टीनं प्रत्येक यंत्राची जागा आखा आणि पुठ्ठे कापून उघडी दारं मांडा. डिशवॉशरचं दार ६० सेंटिमीटर पुढे येतं. समोरासमोर दोन ओटे असतील तर मध्ये १०५ ते १२० सेंटिमीटर हवेत, नाहीतर दार उघडं असताना माणूस तिथून जाऊ शकत नाही. कोपऱ्यात डिशवॉशर आणि त्याला काटकोनात ड्रॉवर असेल तर ड्रॉवरची मूठ दाराला अडते. पाच सेंटिमीटरची पट्टी घातली की हे सुटतं.

पैसे मोजून टाकायचे तर ते जाड वायर, मोठा पाइप, शांत डिशवॉशर आणि जवळ मिळणारी दुरुस्ती सेवा यांवर टाका. मोबाइलवरून चालणारा ओव्हन, दारावर पडदा असलेला फ्रिज यांवाचून काही अडत नाही. सगळं एकाच कंपनीचं घ्यायचीही गरज नाही.

येण्याच्या दिवशी

माल आला की खोकी उघडून कोपरे आणि मागची बाजू तपासा. वाहतुकीत लागलेला पोचा पावतीवर तिथेच लिहून घ्या. फ्रिज आडवा आणला असेल तर काही तास उभा ठेवूनच सुरू करा, कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरायला हवं. डिशवॉशरचं एक रिकामं चक्र शेजारच्या कपाटाची दारं उघडी ठेवून, हातात टॉर्च घेऊन चालवा आणि प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघा. गॅसचे जोड साबणाच्या पाण्यानं तपासले गेले का ते समोर उभं राहून पाहा. मग सगळ्या खिडक्या-दारं बंद करून चिमणी पूर्ण वेगावर लावा आणि खिडकी बोटभर उघडा. आवाज बदलला आणि ओढ वाढली तर आत हवा कमी पडते आहे, हवेची जाळी मोठी करा.

प्रत्येक यंत्र खणात सरकवण्याआधी त्याच्यावरच्या पट्टीचा फोटो काढा, मॉडेल आणि अनुक्रमांक स्पष्ट वाचता येईल असा. बऱ्याच यंत्रांची ही पट्टी एकदा आत गेली की दिसत नाही आणि दुरुस्तीसाठी फोन केला की पहिला प्रश्न तोच येतो.